कॉन्टॅक्टर काढून एसएसआर (सॉलिड-स्टेट रिले) लावला, त्याला आठ महिने झाले

आमचा ड्रायिंग ओव्हन १८ किलोवॅटचा, तीन फेज, ४१५ व्होल्ट. म्हणजे फेजमागे साधारण २५ अँपिअर. आधी हीटर कॉन्टॅक्टरवर (चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच) होते आणि पीआयडीचा, म्हणजे तापमान राखणाऱ्या कंट्रोलरचा, सायकल टाइम (एकदा चालू-बंद होण्याचा पूर्ण वेळ) २० सेकंद. तासाला १८० वेळा खाडखाड, रोजचे १६ तास धरले तर महिन्याला ७५ हजारांच्या घरात. १४ महिन्यांत कॉन्टॅक्ट चिकटले. त्या बिचाऱ्याचा काय दोष! सायकल वाढवली असती तर तो आणखी टिकला असता, पण ओव्हन हलका असल्यामुळे तापमान झुललं असतं.

मग ४० अँपिअरचे दोन एसएसआर आणले, म्हणजे हलणारे कॉन्टॅक्ट नसलेले इलेक्ट्रॉनिक स्विच. न्यूट्रल जोडलेला नसेल तर तीन फेजच्या हीटरला दोन पुरतात, तिसरा फेज थेट जातो. (त्यामुळे आउटपुट बंद असलं तरी हीटर जिवंतच असतो. काम करताना आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) पाडायचाच.) घाईत ते पॅनेलच्या पत्र्यावरच कसले, आणि तिथेच चुकलो. चालू एसएसआरवर सव्वा व्होल्टच्या आसपास व्होल्टेज ड्रॉप पडतो; २५ अँपिअरला एकेकाची ३० वॅट उष्णता झाली. एसएसआरवर छापलेले ४० अँपिअर योग्य हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) असेल तरच खरे.

तिसऱ्या आठवड्यात एक उडाला. एसएसआर जातो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच. कंट्रोलरचा आउटपुट दिवा विझलेला आणि तापमान चढतंय! एक शॉर्ट, तिसरा फेज थेट, म्हणजे अर्धी पॉवर चालूच. वेगळ्या थर्मोकपलवरच्या (तापमानाचा सेन्सर) ओव्हर-टेंपरेचर कंट्रोलरने मेन कॉन्टॅक्टर (हीटरचा सगळा पुरवठा तोडणारा, आधीच्यापेक्षा वेगळा) पाडला म्हणून माल वाचला. तो कॉन्टॅक्टर जागा अडवतो म्हणून काढायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

सध्याचे एसएसआर ६० अँपिअरचे आहेत. खाली थर्मल पेस्टचा पातळ थर, पंखांचा हीटसिंक उभा, म्हणजे हवा खालून वर जाते. पुढे सेमीकंडक्टर फ्यूज. साधा फ्यूज उडेपर्यंत एसएसआर आधीच गेलेला असतो. सायकल टाइम २ सेकंद. पूर्वी ४ अंशांनी हलणारं तापमान आता एका अंशात राहतं. झिरो-क्रॉसिंगचा प्रकार (एसी व्होल्टेज शून्याजवळ असतानाच चालू होणारा एसएसआर) साध्या नायक्रोम हीटरला झकास. मध्ये ट्रान्सफॉर्मर असेल तर हा घेऊ नका, फेज-अँगलचा (प्रत्येक लहरीचा हवा तेवढाच भाग जाऊ देणारा) थायरिस्टर कंट्रोलर बघा.

एकदा मात्र फसलो. हीटरची वायर सोडवून मीटर लावला तर एसएसआर बंद असूनही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज. नवा एसएसआर मागवायच्या बेतात होतो, पण ते नुसतं लीकेज, म्हणजे बंद एसएसआरमधून झिरपणारा काही मिलिअँपिअरचा करंट. लोड जोडल्यावर गायब.

आणखी एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: आवाजच गेला. पूर्वी ऑपरेटरला कानाने कळायचं की ओव्हन चालतोय. आता प्रत्येक फेजला अँमीटर बसवलाय. गेल्या महिन्यात दोन फेजचे काटे खाली आलेले ऑपरेटरलाच दिसले. उघडून पाहिलं तर एक हीटर तुटलेला होता.