समुद्राकाठी बासा: एका जलउद्यानातील खाद्यदालनाचे परीक्षण

रायगडच्या किनारपट्टीवरील एका जलउद्यानात घसरगुंड्या उत्तम आहेत, पाणी स्वच्छ आहे आणि जीवरक्षक आपल्या कामाकडे लक्ष देतात. तेथील खाण्याची व्यवस्था मात्र या तिन्हींच्या बरीच मागे आहे आणि हे परीक्षण केवळ त्या खाण्यापुरतेच आहे. उद्यानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पाटी बदलली तरी हेच गुणदोष इतर ठिकाणीही थोड्याफार फरकाने दिसतात. मे महिन्यातील रविवारच्या गर्दीत आणि जानेवारीतील आठवड्यामधल्या सुस्त दिवशीही येथे जेवण्याचा योग आला. त्यामुळे स्वयंपाकघरावर ताण असतो तेव्हा काय होते आणि नसतो तेव्हा काय होते, हे दोन्ही पाहता आले.

प्रवेशद्वारावरच खाण्याचा प्रश्न उभा राहतो. पिशव्या उघडून पाहिल्या जातात आणि घरचे डबे, फरसाण, फळे, इतकेच नव्हे तर पाण्याच्या बाटल्याही काढून ठेवाव्या लागतात. तान्ह्या मुलांचे अन्न आणि औषधे यांना तेवढी सूट आहे. बाहेरचे खाणे आत येऊ न देण्याचा चित्रपटगृहाच्या मालकाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला, परंतु प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे, असेही त्याच वेळी सांगितले. तो निकाल चित्रपटगृहांविषयीचा होता हे खरे. तरीही वातानुकूलित अंधारात तीन तास बसणाऱ्यापेक्षा कोकणातील दमट उन्हात दिवसभर जिने चढणाऱ्याला पाण्याची गरज अधिक असते, हे समजण्यासाठी न्यायालयापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. या उद्यानात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण ते स्वच्छतागृहांच्या मागील भिंतीला लावलेले असून तेथपर्यंत नेणारी एकही पाटी नाही. याउलट बाटलीबंद पाण्याची खिडकी प्रत्येक तलावासमोर आहे आणि तेथील दर बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त आहे. हॉटेलांना आणि उपाहारगृहांना बाटलीबंद पाणी छापील किमतीहून अधिक दराने विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला होता. त्यामागे गिऱ्हाईक केवळ पाणी नव्हे, तर बसण्याची जागा आणि सेवाही घेत असते, असा विचार होता. खिडकीतून ओल्या हातात बाटली ठेवण्यात कोणती सेवा सामावली आहे, हे मला उमगले नाही.

डबाबंदीचे समर्थन बहुधा धंद्याच्या गणितावर केले जाते. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत काचेची भांडी आणि मद्य वगळता घरचे खाणे सोबत नेता येते आणि तेथील झटपट खाण्याच्या काउंटरवर पाण्याचा पेला मागितल्यास पैसे पडत नाहीत. तरीही त्यांची उपाहारगृहे ओस पडलेली नाहीत. टोकियोतील डिस्नेलँड बाहेरचे खाणे आत आणू देत नाही, पण डबा खाण्यासाठी प्रवेशद्वाराबाहेर वेगळी जागा राखून ठेवते. येथे त्या कामासाठी वाहनतळ आहे, आणि रो-रो बोटीतून गाडी घेऊन मांडव्याला उतरलेली कितीतरी कुटुंबे डिकी उघडून पुरीभाजी खाताना तेथे दिसतात.

आत गेल्यावर मनगटावर पट्टा बांधला जातो आणि त्यात पैसे भरून घ्यावे लागतात. पाण्यात मोबाईल आणि पाकीट जवळ ठेवता येत नसल्याने ही सोय योग्यच आहे. मात्र उरलेली रक्कम परत मिळण्याची खिडकी एकच आहे आणि उद्यान बंद होताना तिच्यासमोर दिवसातील सर्वांत लांब रांग लागते, त्यामुळे थकलेली मुले घेऊन आलेले पालक पन्नास-साठ रुपयांवर पाणी सोडून निघून जातात. पैसे थोडे थोडे भरावेत, हा त्यावरचा उपाय.

मुख्य खाद्यदालन पत्र्याच्या उंच छपराखाली असून त्यात पिझ्झा, बर्गर, नूडल्स, पंजाबी भाज्या आणि सँडविच यांची काउंटरे ओळीने मांडली आहेत. मांसाहारी काउंटरच्या फलकावर ‘कोस्टल स्पेशल’ असे शीर्षक आहे. त्याखालील ‘फिश फिंगर’ नीट चाखून पाहिले, तर तो गोड्या पाण्यातील बासा असल्याचे लक्षात येते. काउंटरवरील मुलानेही विचारल्यावर ते प्रांजळपणे सांगितले. समुद्राची खारी हवा अंगाला लागत असताना, बांगडा आणि सुरमई ज्या बंदरांवर उतरते ती हाकेच्या अंतरावर असताना, गोठवलेला बासा तळून ‘किनारी’ म्हणून विकणे हा विनोद आहे की निर्लज्जपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताजा मासा न मिळणे समजू शकते. पण जानेवारीतही फलकावर तोच मासा होता.

यामागील कारणे मात्र समजून घ्यायला हवीत, कारण केवळ मालकाच्या अरसिकपणाने हे घडत नाही. अशा उद्यानात मंगळवारी मोजकी माणसे येतात आणि रविवारी झुंबड उडते. शिवाय रविवारची सगळी गर्दी दुपारी साडेबारा ते अडीच या दोन तासांतच जेवायला येते. या चढउताराला गोठवलेला माल सोयीचा असतो. तो खपला नाही तरी टिकतो, त्याचे तुकडे सारखे असतात, त्यात काटा नसतो आणि तो तळायला चार दिवसांपूर्वी कामाला लागलेला मुलगाही पुरतो. बांगडा साफ करणे, त्याला खाचा पाडणे, मसाला मुरवणे आणि रव्यात घोळवून बेताच्या आचेवर तळणे यासाठी हात तयार असावा लागतो, आणि तो हात हंगामापुरता मिळत नाही. त्याशिवाय पोहण्याच्या पोशाखातील लहान मूल काट्यांचा मासा खात बसले, तर त्याच्या आईची काय अवस्था होईल, हाही विचार आहेच. एवढे सगळे मान्य केले तरी फलकावरील शीर्षक बदलण्याला काहीच खर्च येत नाही.

पिझ्झा आणि नूडल्स यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. गर्दीच्या दिवशी पिझ्झा कोमट आणि मऊ पडलेला असतो, सुस्त दिवशी तो गरम असतो, आणि चव दोन्ही दिवशी ठाण्यातील कोणत्याही मॉलमधल्यासारखीच असते. तिकिटासोबत घेतलेल्या पॅकेजमधील बुफे शक्यतो टाळावा. साडेबाराला वरणभात, वाटाण्याची उसळ आणि पुऱ्या चांगल्या असतात, परंतु दोननंतर पुऱ्या चामट होतात, भाताचा गोळा होतो आणि पनीरच्या भाजीवर तेलाचा तवंग तेवढा उरतो. पॅकेजचे पैसे आधीच घेतलेले असल्यामुळे शेवटी येणाऱ्या गिऱ्हाइकाला खूश ठेवण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

खरे खाणे आहे ते मागच्या बाजूला, नारळाच्या झाडांखालील एका छोट्या काउंटरवर, जे परिसरातील महिलांचा बचत गट चालवतो. मुख्य दालनातील नकाशावर त्याचा उल्लेख नाही आणि तेथे पोहोचण्यासाठी लहान मुलांच्या तलावाला वळसा घालावा लागतो. येथे घावणे, थालीपीठ, वडापाव, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा आणि कोकम सरबत एवढेच मिळते. घावण्यांसाठी दोन बिडाचे तवे सतत तापलेले असतात. पीठ पातळ, जाळी मोकळी, कडा किंचित कुरकुरीत आणि सोबत ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी. पाण्यातून बाहेर पडल्यावर जी भूक लागते ती खवळलेली असते, पण लगेच पुन्हा उंच घसरगुंडीवर जायचे असल्याने पोट जड झालेले चालत नाही. त्या वेळी घावणे हे जितके योग्य अन्न आहे तितके मुख्य दालनातील काहीही नाही. थालीपिठाबरोबर कापून दिला जाणारा कांदा अलिबागचा पांढरा आहे. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा तिखटपणा कमी असल्याने कच्चाच खावा, हे या महिलांना कोणी शिकवण्याची गरज नाही. वेण्या घालून तो त्यांच्या डोक्यावरच टांगलेला असतो.

घावण्यांची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. तव्यावर एका वेळी एकच होते, ते करून ठेवता येत नाही, आणि त्यामुळे रविवारी अर्ध्या तासापर्यंत थांबावे लागते. अशा दिवशी वडापाव घ्यावा. वडे आधी वळून ठेवता येतात, घाण्याला पंचवीस-तीस निघतात आणि ते खपण्याचा वेग इतका असतो की शिळा वडा मिळण्याची शक्यताच उरत नाही. उद्यानाने एक तवा आणि एक माणूस वाढवला तर हा प्रश्न सुटेल, पण कदाचित पिझ्झाची विक्री घटेल.

कोकम सरबताची विशेष शिफारस करतो. ते बाटलीतील गोड पाकावर केवळ पाणी ओतून दिलेले नाही, त्यात आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रसही आहे. मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड यांमुळे घामाने गेलेले काहीतरी परत आल्यासारखे वाटते. सोलकढी का नाही, असे विचारल्यावर गटातील एका काकूंनी दिलेले उत्तर पटण्यासारखे होते. नारळाचे दूध मे महिन्याच्या उकाड्यात काही तासही धड टिकत नाही, आणि शीतपेट्यांची जागा उद्यानाने शीतपेयांना दिली आहे. नासलेली सोलकढी देण्यापेक्षा न देणे शहाणपणाचे, हे खरेच.

तळणाच्या तेलाकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते स्वयंपाकासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. हे प्रमाण डोळ्यांनी मोजता येत नाही, पण काळपट रंग, चिकट फेस, धूर आणि तिखट वास या खुणा कोणालाही ओळखता येतात. मुख्य दालनातील फ्रेंच फ्राईजच्या कढईत रविवारी चारच्या सुमारास त्यातील तीन खुणा स्पष्ट दिसत होत्या, त्यामुळे दुपारनंतर तेथील तळलेले काही घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. बचत गटाच्या कढईत हा दोष आढळला नाही. बिलावर चौदा अंकी अन्नपरवाना क्रमांक छापलेला असणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे आणि तो येथील बिलावर असतो. तक्रार करायची असल्यास तोच उपयोगी पडतो, म्हणून बिल फेकू नये.

जानेवारीतील भेटीत उद्यानाने संध्याकाळी पोपटीचा बेत ठेवला होता, आणि संपूर्ण परीक्षणात मनापासून दाद द्यावी अशी ही एकच कल्पना उद्यानाची स्वतःची आहे. वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि खडे मीठ भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात रचायचे, तोंडही त्याच पाल्याने बंद करायचे आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा, ही रायगडची थंडीतील जुनी पद्धत. यात पाणी किंवा तेल घालावे लागत नाही, एका वेळी कितीही मडकी लावता येतात आणि सगळ्यांना एकाच वेळी गरम वाढता येते. म्हणजे जो पदार्थ गर्दीला मुद्दाम बनवल्यासारखा सोयीचा आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या येथेच होता. शाकाहारी मडकी वेगळी ठेवून त्यांच्या गळ्याला हिरवी फीत बांधली होती, हेही नोंदवण्याजोगे. दर मात्र प्रवेशतिकिटाच्या जवळपास निम्मा होता, तो जास्तच वाटला.

खाणे ही उद्यानाची दुय्यम बाब असते, असे व्यवस्थापनाचे लोक सांगतात. कॅलिफोर्नियातील ब्यूना पार्क येथे कॉर्डेलिया नॉट यांनी १९३४ मध्ये आपल्या शेतावरील चहाघरात तळलेल्या कोंबडीचे जेवण द्यायला सुरुवात केली. त्यासाठी इतक्या रांगा लागू लागल्या की थांबलेल्या लोकांचे मन रमावे म्हणून त्यांचे पती वॉल्टर यांनी १९४० मध्ये जुन्या वसाहतीचा देखावा उभारायला घेतला, आणि त्यातून पुढे नॉट्स बेरी फार्म हे मोठे मनोरंजन उद्यान वाढले. तेथे जेवणाच्या रांगेने खेळ आणले. आपल्याकडे खेळ आहेत म्हणून रांगेतील माणसाला काहीही वाढले जाते.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. दालनातील बाकडी सदैव ओली असतात, म्हणून जादा टॉवेल न्यावा. कावळे धीट आहेत. ताट सोडून हात धुवायला एकाने जावे आणि एकाने राखण करावी. जैन खाणे मुख्य दालनातील सँडविचच्या काउंटरवर सांगितल्यास करून मिळते. बचत गटाचे काउंटर साडेचारला आवरू लागते, तेव्हा घावणे खायचे असल्यास एकतर बारापूर्वी किंवा तीनच्या सुमारास जावे. मासेच खायचे असतील, तर बाहेरच्या रस्त्यावरील घरगुती खानावळींपैकी एखादीत सकाळी आत शिरण्यापूर्वीच थाळी सांगून ठेवावी. आयत्या वेळी संध्याकाळी गेल्यास बहुतेक ठिकाणी सुरमई संपलेली असते आणि बांगड्यावर समाधान मानावे लागते.