मेडिकेअरवर जोडप्याचं काउन्सेलिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्या नवरा-बायकोला मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या पार्ट बीवर (डॉक्टर-थेरपिस्टच्या भेटींचा भाग) एकत्र काउन्सेलिंग घेता येतं. ओरिजिनल मेडिकेअर (सरकार थेट चालवतं ती) असेल तर फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, सेशन किती घ्यायची याला ठरावीक आकडा नाही, आणि खिशातून जाणारे पैसे खासगी थेरपीच्या मानाने किरकोळ आहेत. पण "आमचं पटत नाही" या कारणासाठी मेडिकेअर एक डॉलरही देत नाही. पैसे मिळतात ते दोघांपैकी एकाच्या मानसिक आजारावरच्या उपचारासाठी. जोडीदार त्या उपचारातला मदतनीस म्हणून खोलीत बसतो. बिल, कागदपत्रं, नकार, गोपनीयता हे सगळं या एका अटीभोवती फिरतं. ती अट आधी समजून घेतली तर पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. न समजता उडी मारली तर दोनसुद्धा जास्त होतील.

थोडी पार्श्वभूमी. १ जानेवारी २०२४ पासून मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट, म्हणजे एमएफटी, आणि मेंटल हेल्थ काउन्सेलर यांना मेडिकेअरला थेट बिल लावता येतं. त्याआधी सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर वगैरे चालायचे. जोडप्यांबरोबर काम करण्याचंच खास शिक्षण घेतलेली माणसं मात्र यादीबाहेर होती. म्हणून जुनी माहिती ऐकून "मेडिकेअरवर नाही मिळत" असं सांगणारे अजून पुष्कळ भेटतात, क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवरसुद्धा.

आता प्रत्यक्षात चालतं कसं. मेडिकेअर कार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे बिल एकाच्याच नावावर लागतं. पहिली भेट त्या व्यक्तीच्या मूल्यमापनाची, बिलाचा कोड ९०७९१. पुढची दोघांची सेशन ९०८४७ या कोडवर: रुग्ण हजर असताना कौटुंबिक सायकोथेरपी, कागदोपत्री ५० मिनिटांची. २६ मिनिटांपेक्षा कमी झाली तर हा कोड लावता येत नाही. फक्त जोडीदार थेरपिस्टशी बोलला तर ९०८४६, आणि तेही रुग्णाच्या उपचारासाठी गरजेचं असेल तरच. एकाच सेशनचं बिल दोघांच्या कार्डांवर लावता येत नाही. "या वेळी ह्यांच्या नावावर, पुढच्या वेळी माझ्या" असंही सोयीने फिरवता येत नाही. दोघांनाही खरोखर निदान असेल तर प्रत्येकाची स्वतंत्र फाइल लागते.

निदान कोणतं, यावर सगळं अडतं. नवरा-बायकोतल्या बेबनावाला आयसीडीमध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, झेड६३.० असा कोड आहे. तो मुख्य निदान म्हणून टाकला की क्लेम परत आलाच म्हणून समजा. दुय्यम म्हणून चालतो. मुख्य जागी नैराश्य, चिंताविकार किंवा अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर (एफ४३.२ मालिका) असं काही लागतं. निवृत्तीनंतर, मोठ्या आजारपणानंतर किंवा मुलांकडे देश बदलून आल्यावर जी घुसमट होते, ती पुष्कळदा या शेवटच्या निदानात बसते. पण त्याची व्याख्याच मुदतीची आहे: ताण सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत लक्षणं दिसावी लागतात, आणि ताण संपल्यावर ती सहा महिन्यांपलीकडे राहू नयेत. त्यामुळे वर्षभर तोच कोड ओढत नेला की मेडिकेअरकडून प्रश्न येऊ शकतो. मधे फेरमूल्यमापन करा असं थेरपिस्टला आपणहून सांगावं. खोटं निदान लिहून घेण्याच्या वाटेला जाऊ नका. तो सरळ सरळ मेडिकेअर फ्रॉड आहे.

उपचार आराखडा मागून बघा, मिळतो. त्यात "पती-पत्नीमधील संवाद सुधारणे" एवढंच लिहिलेलं असेल तर तो क्लेम टिकण्यासारखा नाही. टिकणारं वाक्य असं असतं: रुग्णाचं नैराश्य, पीएचक्यू-९ वर १५, सततच्या वादामुळे झोप आणि औषधांची नियमितता बिघडते, जोडीदाराला सामील करून आकडा १० च्या खाली आणणे. पीएचक्यू-९ म्हणजे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, गुण ० ते २७. आपल्याकडची वडीलधारी मंडळी "उदास वाटतं का" ला ठामपणे नाही म्हणतात, आणि "झोप लागत नाही", "थकवा येतो", "जेवण जात नाही" याला हो. दोन्हीकडे खरं तेच सांगा. उदास म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणून शून्य लिहिलं की आकडा पडतो आणि उपचाराची गरजच कागदावर दिसत नाही. दर काही भेटींनी हा फॉर्म परत भरून घेणारा थेरपिस्ट कटकट्या वाटला तरी तोच पुढे क्लेम वाचवतो.

पैशांचं गणित. २०२६ मध्ये पार्ट बीचा मासिक प्रीमियम २०२.९० डॉलर (उत्पन्न जास्त असेल तर वर), वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे मेडिकेअर द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम, २८३ डॉलर. डिडक्टिबल संपल्यावर मंजूर रकमेच्या ८० टक्के मेडिकेअर देतं, २० टक्के तुम्ही. एमएफटीला सायकॉलॉजिस्टच्या ७५ टक्केच दर मिळतो. म्हणजे सायकॉलॉजिस्टसाठी मंजूर रक्कम १०० डॉलर धरली, तर एमएफटीसाठी ७५. त्यातले ६० मेडिकेअरचे, १५ तुमचे. मेडिकेअरमध्ये नोंदलेल्या एमएफटीला मंजूर रकमेवर तुमच्याकडून एक पैसाही जास्त घेता येत नाही. मेडिगॅप (तुमचा वाटा भरणारा खासगी पूरक विमा) प्लॅन जी असेल तर ते १५ही वाचतात, डिडक्टिबल मात्र तुमचंच. चुकवलेल्या अपॉइंटमेंटचा दंड मेडिकेअर देत नाही. क्लिनिक सगळ्याच पेशंटना तो लावत असेल तर तुम्हालाही लावू शकतं.

मुलांनी ग्रीन कार्डवर आणलेल्या आई-वडिलांसाठी इथे एक खोच आहे. पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर पार्ट बी विकत घेता येतो. पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) मात्र स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या ४० तिमाहींच्या नोकरीशिवाय फुकट मिळत नाही. २०२६ मध्ये त्याचा पूर्ण प्रीमियम महिना ५६५ डॉलर आहे. मुलाने भरलेला टॅक्स आई-वडिलांच्या खात्यात धरत नाहीत. त्यामुळे बरेच जण नुसता पार्ट बी घेतात. काउन्सेलिंगसाठी तो पुरतो, पण ए नसेल तर मेडिगॅपही घेता येत नाही आणि खासगी कंपन्यांमार्फत चालणारा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनही. २० टक्के खिशातूनच. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही.

सगळ्यात जास्त दमछाक होते ती थेरपिस्ट शोधण्यात. मेडिकेअर डॉट गव्हवरच्या शोधात नावं भरपूर निघतात. त्यातले नवे पेशंट घेणारे किती, हे फोन केल्याशिवाय कळत नाही. "मेडिकेअर घेता का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते असं: तुम्ही पार्ट बीमध्ये नोंदलेले आहात का, की ऑप्ट-आउट करून मेडिकेअरबाहेर पडलाय? ९०८४७ लावता का? क्लेम तुम्हीच पाठवता का? ऑप्ट-आउट केलेला थेरपिस्ट तुमच्याकडून खासगी करारावर सही घेतो. ती केली की मेडिकेअरही पैसे देत नाही आणि मेडिगॅपही. "सुपरबिल, म्हणजे तपशीलवार पावती, देतो, तुम्ही इन्शुरन्सला पाठवा" हे नोकरीच्या इन्शुरन्सला चालायचं. इथे तो कागद निरुपयोगी. नावापुढे "असोसिएट" असलेले, अजून पूर्ण परवाना न मिळालेले थेरपिस्ट स्वस्त आणि पुष्कळदा चांगले असतात, पण त्यांना स्वतःच्या नावावर मेडिकेअरला बिल लावता येत नाही. पूर्ण परवान्याबरोबर पदवीनंतरचा दोन वर्षांचा किंवा ३,००० तासांचा देखरेखीखालचा अनुभव ही मेडिकेअरची अट आहे. कमी दर आणि कागदपत्रांचा भार यामुळे अनेक जण या भानगडीत पडतच नाहीत. त्यांनाही फार दोष देता येत नाही.

अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनवाल्यांसाठी थोडक्यात: नेटवर्क, दर भेटीला ठरलेला को-पे (तुमचा वाटा), आणि काही प्लॅनमध्ये पूर्वपरवानगी. ऑनलाइन डिरेक्टरीवर विसंबू नका, प्लॅनला फोन करून थेरपिस्टचं नाव आणि पत्ता दोन्ही तपासा. वर्षाच्या मधे थेरपिस्ट नेटवर्कमधून बाहेर पडला तर तुम्ही अधांतरी. प्लॅन बदलायची मुख्य खिडकी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर.

घरून व्हिडिओवर सेशन घेता येतं, व्हिडिओ जमत नसेल तर नुसत्या फोनवरही. आधी प्रत्यक्ष भेट हवी अशी अट कायद्यात आहे, पण काँग्रेस ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलत आली आहे, तेव्हा सुरू करताना तेव्हाची स्थिती विचारून घ्या. खरी अडचण दुसरीच. सेशनच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसला आहात, तिथला परवाना थेरपिस्टकडे लागतो. सहा महिने न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीकडे आणि सहा महिने टेक्सासला मुलाकडे राहणाऱ्यांनी दोन्हीकडचा परवाना असलेला माणूस आधीच शोधावा. आणि हिवाळ्यात पुण्याला गेलात तर ते महिने कोरडे: भारतात बसून घेतलेल्या सेशनचे पैसे मेडिकेअर देत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या मराठी समुपदेशकाचं बिल तर कधीच देत नाही. मेडिगॅपमधली परदेशाची सोय फक्त इमर्जन्सीसाठी असते.

भाषेचं काय? मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या क्लिनिकने दुभाषी मोफत द्यावा असा फेडरल नियम आहे, आणि मराठी दुभाषी फोनवर मिळतो. छोटी क्लिनिकं "मुलीलाच बसवा ना" म्हणतात. बसवू नका. आईने वडिलांबद्दल चाळीस वर्षांत जे बोललं नाही ते ती मुलीच्या तोंडून इंग्रजीत बोलणार नाही. दुभाष्याबरोबर ५० मिनिटांत निम्मंच बोलणं होतं हे मात्र खरं. "तुम्हाला ना, कशाचं काही पडलेलंच नसतं" यातला रुसवा दुभाष्याच्या इंग्रजीत कोरडी तक्रार होऊन पोचतो. मोडकंतोडकं का होईना, स्वतः इंग्रजीत बोलणं जमत असेल तर दुभाषी फक्त अडल्यावेळी घ्या.

गोपनीयतेबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून सविस्तर. निदान ज्याच्या नावावर, फाइल त्याची. जोडीदाराला ती आपोआप बघता येत नाही. पण मेडिकेअरचं ऑनलाइन खातं बहुतेक घरांत मुलगा किंवा सून सांभाळते, आणि क्लेमच्या यादीत थेरपिस्टचं नाव, तारीख आणि सेवेचं वर्णन स्पष्ट दिसतं. त्यांना कळू द्यायचं नसेल तर पहिल्या सेशनच्या आधी पासवर्ड बदला. पोस्टाने येणाऱ्या समरी नोटीसमध्येही (मेडिकेअरने कशाचे किती पैसे दिले याचं पत्रक) तेच छापलेलं असतं. दुसरं: निदान नोंदीत गेलं की ते राहतं. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या सहा महिन्यांत मेडिगॅप कंपनी प्रकृतीवरून नाकारू शकत नाही. नंतर न्यूयॉर्क, कनेक्टिकटसारखी मोजकी राज्यं सोडली तर प्रकृतीची चौकशी होते. मेडिगॅप किंवा लाँग टर्म केअर पॉलिसी घ्यायची असेल तर ती आधी उरका.

क्लेम नाकारला गेला तर समरी नोटीसमधली ती ओळ आणि खालची टीप वाचा. कोडची चूक असेल तर थेरपिस्ट दुरुस्त क्लेम पाठवू शकतो, तेच सोपं. गरज सिद्ध होत नाही असं कारण असेल तर नोटीस मिळाल्यापासून १२० दिवसांत अपील करायचं, सोबत उपचार आराखडा आणि पीएचक्यू-९ चे आधीचे-नंतरचे आकडे जोडायचे. पहिल्या पायरीचा निर्णय साधारण ६० दिवसांत येतो. थेरपिस्टने सेशनआधी एबीएन नावाचा फॉर्म पुढे केला, तर मेडिकेअर हे नाकारेल असा त्याला अंदाज आहे असं समजा. त्यात तीन पर्याय असतात. पहिला निवडला तरच क्लेम जातो आणि अपिलाचा हक्क राहतो. घाईत दुसऱ्यावर सही केलीत तर पैसेही तुमचे आणि अपीलही नाही. इंग्रजी कागद अंगावर येत असतील तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्लासेवा आहे, कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. एजंटपेक्षा तिथे जा, ते काही विकत नाहीत.

कोणासाठी नाही? दोघांपैकी कोणालाच निदान बसत नाही, नुसता रोजचा खटका आहे, त्यांनी स्वतःच्या पैशाने मोजकी सेशन घ्यावीत. मेडिकेअरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तसंच "हे माझं ऐकतच नाहीत" ही तक्रार मुख्य असेल तर आधी कान तपासा. गंमत नाही, उतारवयातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होत असावीत. २०२३ पासून दर १२ महिन्यांत एकदा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ऑडिओलॉजिस्टकडे जाता येतं. श्रवणयंत्राचे पैसे मात्र ओरिजिनल मेडिकेअर देत नाही.

एकाला स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर जोडप्याचं काउन्सेलिंग ही चुकीची खिडकी आहे. तिथे सांभाळणाऱ्याच्या प्रशिक्षणाचे वेगळे कोड आहेत, ९७५५० पासून पुढे, २०२४ पासून लागू; ते रुग्णाच्या गैरहजेरीतल्या प्रशिक्षणासाठी असतात. जुलै २०२४ पासून गाइड नावाचा आठ वर्षांचा कार्यक्रमही आहे. त्यात पात्र जोडप्यांना काळजी-समन्वयक मिळतो आणि सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची सोय होते. तो फक्त ओरिजिनल मेडिकेअरवाल्यांसाठी आहे, अ‍ॅडव्हान्टेजवर नाही, आणि सहभागी दवाखान्यातच मिळतो. न्यूरॉलॉजिस्टच्या ऑफिसात नाव घेऊन विचारा.