ऑफिससमोर लॉन की देशी झाडी?

उद्यमनगरातल्या मित्राच्या ऑफिसपुढे अडीच गुंठे मोकळे आहेत. लॉन करू की मियावाकी (म्हणजे देशी झाडांची दाट लागवड), यावर त्याचं महिनाभर अडलंय.

आधी पाणी. लॉनला एप्रिल-मेमध्ये जवळजवळ रोज पाणी लागतं, आणि तेही दरवर्षी. मियावाकीत पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि खुरपणी चुकवायची नाही. पुढे झाडी बरीचशी स्वतःच्या बळावर उभी राहते. त्याच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक.

खर्च उलटा चालतो. लॉनची सुरुवात स्वस्त, मग माळी, कापणी, खत कायमचं मागे. मियावाकीत सुरुवातीलाच खिसा रिकामा होतो: सुमारे मीटरभर खोदाई, शेणखत, भुसा, वर पेंढ्याचं आच्छादन आणि चौरस मीटरला तीन ते पाच रोपं. म्हणजे पूर्ण जागेत साडेसातशेच्या वर! झाडं मात्र सह्याद्रीतलीच घ्या: करंज, जांभूळ, बहावा, कोकम. ही पद्धत काढणारे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी, त्यांच्या पद्धतीचा गाभाच स्थानिक झाडं हा आहे. परदेशी शोभेची रोपं दाट लावली की मियावाकी होत नाही. भिंत, ड्रेनेजजवळ वड-पिंपळ नकोच.

सावली, पक्षी, धूळ अडवणं यांत लॉन मागे पडतं. पण दाट झाडीत बसता-फिरता येत नाही.

कार्यक्रमांना मोकळी जागा हवी किंवा जागा भाड्याची असेल तर लॉन, तेही लहानच. स्वतःची जागा, पाण्याची ओढ आणि तीन वर्षं धीर असेल तर मियावाकी. मित्राला मी दोन गुंठे झाडी आणि उरलेल्या अर्ध्या गुंठ्यात करंजाखाली बाकडी सुचवली आहेत.