रिक्रिएट गाण्यांचा रिव्ह्यू : मुखडा ठेवला, अंतरा कुठं गेला?

जुन्या गाण्याला हातच लावू नये असं माझं म्हणणं नाही, ते आधीच सांगतो. पण गेल्या आठ-दहा वर्षांत हिंदी पिक्चरमध्ये रिक्रिएट गाण्यांचं जे पेव फुटलं, त्यातली बरीचशी गाणी ऐकून आणि आमच्या गावच्या बँडमध्ये कॅसिओवर वाजवून माझं एक मत पक्कं झालं, या लोकांना फक्त मुखडा, म्हणजे परत परत येणारी सुरुवातीची ओळ पाहिजे, अंतऱ्याची, म्हणजे मधल्या कडव्यांची मेहनत कोणालाच नको.

काहून म्हणतो ते पाहा. परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, निघाला की पोरं फर्माईश करतात नवीन 'दिलबर'ची. मूळ गाणं 'सिर्फ तुम' (१९९९) मधलं, नदीम-श्रवणचं, अलका याज्ञिकनं गायलेलं. २०१८ ला 'सत्यमेव जयते'मध्ये तनिष्क बागचीनं ते नव्यानं केलं, ठेका जबरदस्त आहे, पाय थांबत नाही हे मान्य. मुखडा जुनाच, पण पुढं सगळं नवीन आणि मधी रॅप. आता रॅप ट्रम्पेटवर वाजवणार कसा? आमचा ट्रम्पेटवाला तिथं तोंडातून ट्रम्पेट काढतो न म्हणतो, "भाऊ, याले सूरच नाई, वाजवू काय?" मग मी सरळ जुन्या गाण्याचा अंतरा पकडतो, ट्रम्पेटवाला मागून येतो, ढोल-ताशा नवीन ठेक्यावरच चालू राहतो, आणि खरं सांगतो, त्या अंतऱ्यावर मागं मागं चालणाऱ्या बाया पण नाचायला पुढं येतात. ज्या गाण्याचा मुखडा सोडून गुणगुणायला काहीच उरत नाही ते गाणं अर्धंच आहे असं माझं मत.

'एक दो तीन'चं तर मला फार वाईट वाटलं. 'तेजाब' (१९८८), लक्ष्मीकांत-प्यारेलाल, शब्द जावेद अख्तरचे. लोकांना फक्त आकडे पाठ आहेत, पण नीट ऐका, मुखड्यात मोजणी तेरावर येऊन थांबते आणि अंतऱ्यात तारखा पुढं सरकतात, चौदाला निरोप आला, पंधराला येतो म्हणाला, आला नाही, सोळाला ती नटून बसली, म्हणजे अख्खी गोष्ट अंतऱ्यात भरून ठेवली आहे. म्हणूनच माधुरी नुसती नाचत नाही, वाट पाहून राहिली हे तिच्या चेहऱ्यावर दिसते. २०१८ ला 'बागी २'मध्ये श्रेया घोषालनं गायलं, तिच्या गळ्यात काहीच कमी नाही बाप्पा, पण पडद्यावर ती वाट पाहणारी बाईच गायब आहे. 'तेजाब'चे दिग्दर्शक एन. चंद्रा यांनी तेव्हा जाहीर नाराजी बोलून दाखवली होती, आणि मला ती शंभर टक्के पटली.

चांगलं केलं ते पण सांगतो. 'रईस' (२०१७) मधलं 'लैला' मला मनापासून आवडलं. मूळ 'कुर्बानी' (१९८०) चं, कल्याणजी-आनंदजीचं, आणि 'रईस'ची गोष्ट पण ऐंशीच्या दशकातल्या गुजरातमधली, मग तिथं ते गाणं वाजणं शोभतं, उगीच चिकटवलं असं वाटत नाही. राम संपतनं काम चोख केलं, पावनी पांडेनं गायलं पण ठसक्यात. 'तुम्हारी सुलु'मधल्या 'हवा हवाई'त कविता कृष्णमूर्तीचा मूळ आवाज ठेवला, 'सूर्यवंशी' (२०२१) मधल्या 'टिप टिप'मध्ये उदित-अलकाचा ठेवला, तिथं ऐकताना जीव रमतो. 'टिप टिप'ची मूळ चाल विजू शाहची, 'आँख मारे' पण त्यांचंच, पण गावातल्या पोरांना विचारा विजू शाह कोण, एकाला सांगता येत नाही. नवीन व्हिडिओखाली त्यांचं नाव बारीक अक्षरात असते, ते उघडून वाचते कोण.

गाण्याचे हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतात, त्यामुळं ज्यानं चाल बांधली त्याला कोणी विचारेलच असं नाही. २०२० मध्ये 'मसकली २.०' आलं तेव्हा रहमाननं स्पष्ट लिहिलं होतं, मूळ गाण्यामागं दोनशेच्या वर वादक आणि ३६५ दिवसांची मेहनत होती. आणि 'दिल्ली-६'मध्ये मसकली म्हणजे कबूतर होतं, गाण्याला त्या कबुतराचा अर्थ होता. नवीन व्हिडिओत हॉटेलची खोली आहे. हे गाणं मी एकदा पूर्ण ऐकलं, पुन्हा लावणार नाही.

एक वेगळा नमुना 'झिंगाट'चा. 'धडक' (२०१८) साठी अजय-अतुलनीच हिंदीत केलं, चाल तीच, वादन तसंच दणक्यात, अंतरेही शाबूत, शब्द तेवढे अमिताभ भट्टाचार्यचे. कारागिरीत खोट काढायला जागा नाही. तरी आमच्या तालुक्यात हिंदी 'झिंगाट'ची फर्माईश मी ऐकली नाही, कारण मूळ मराठी 'सैराट'मधला तो पोरगा ज्या तोऱ्यात बोलतो तो तोरा गावातला आहे, नवरदेवाच्या दोस्तांना तो आपलाच वाटतो.

यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी बँडवाल्याला लिस्ट देताना नुसतं 'दिलबर' लिहू नका, कोणत्या पिक्चरचं ते पण लिहा. डीजे असेल तर नवीन चालते, बँड असेल तर जुनंच सांगा, अंतऱ्यासकट वाजवून देतो.