प्रसारक संघटनेचं सदस्य व्हावं, की वकील धरावा?

खासगी रेडिओ स्टेशन सुरू केलं की लवकरच हा प्रश्न समोर येतो. संघटनेची वर्गणी भरायची, की तेच पैसे एखाद्या जाणत्या वकिलावर घालायचे?

गाण्यांच्या रॉयल्टीपुरतं बोलायचं तर एकट्याने जाऊच नये. समोर असंख्य गीतकार-संगीतकारांच्या वतीने बोलणारी एकच संस्था बसलेली असते. अमेरिकेतली 'नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स', म्हणजे नॅब, १९२३ साली याच भांडणातून जन्मली. गाण्यांचे पैसे मागणारी गीतकार-संगीतकारांची संस्था होती ॲस्कॅप. पुढे दरांवरून पुन्हा ठिणगी पडली तेव्हा प्रसारकांनी १९३९ मध्ये बीएमआय ही गाण्यांचे हक्क देणारी स्वतःची संस्थाच काढली. १९४१ मध्ये तर कित्येक महिने ॲस्कॅपची गाणी लावलीच नाहीत, कॉपीराइट संपलेल्या जुन्या गाण्यांवर वेळ निभावली. अखेर ॲस्कॅप कमी दराला तयार झाली. कुठल्या वकिलाला हे जमलं असतं?

श्रोत्यांच्या मोजणीचंही तसंच. स्वतःच केलेल्या सर्वेक्षणावर जाहिरातदार विश्वास ठेवत नाहीत. ब्रिटनमध्ये ही मोजणी करणारी राजर ही संस्था बीबीसी आणि खासगी रेडिओंची संघटना रेडिओसेंटर यांच्या सामाईक मालकीची आहे.

सरकारी धोरणाचा विषय निघाला की मात्र चित्र पालटतं. संघटना 'उद्योगा'च्या नावाने बोलते, पण त्या उद्योगात तुम्ही कितीसे? २००० च्या आसपास अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही नेटवर्कना आणखी स्टेशनं विकत घ्यायची मुभा हवी होती, स्थानिक स्टेशनांना मर्यादा हवी होती. नॅब स्थानिकांच्या बाजूने राहिली, तेव्हा नेटवर्क एकामागून एक बाहेर पडली. त्यांना ते परवडलं. त्याच सुमारास कमी शक्तीच्या छोट्या, बिगरव्यावसायिक एफएम केंद्रांना परवाने द्यायला याच नॅबने कडाडून विरोध केला होता. परवाना हाती येईपर्यंत संघटना तुमची विरोधक, आला की तुमची कैवारी!

तुमच्याच एखाद्या कार्यक्रमावर नोटीस आली किंवा परवान्याचं नूतनीकरण अडलं, तर वकीलच बरा. एका सदस्याच्या खटल्यात संघटना सहसा हात घालत नाही.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. वर्गणी उत्पन्नाच्या प्रमाणात असेल, तर मतंही त्याच प्रमाणात आहेत का? आणि संघटनेने ठरवलेले रॉयल्टीचे दर बिगरसदस्यांनाही लागू होतात का? होत असतील, तर पहिलं वर्ष बाहेर राहून बघायला हरकत नाही.