माणूस ओळखणारा कॅमेरा: एप्रिल ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी आई-वडील दोघेच असतात, म्हणून गेल्या एप्रिलात तिथे खळे आणि फाटक दोन्ही दिसतील अशा बेताने वायफायवर चालणारा, तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवून घेतला. चित्र स्वच्छ आहे, आवाज बरा आहे, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते ‘स्मार्ट डिटेक्शन’बद्दल, म्हणजे चित्रातला माणूस ओळखून फोनवर सूचना देण्याच्या सोयीबद्दल, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले वैशिष्ट्य तेच आहे आणि माझ्या जवळजवळ सगळ्या तक्रारीही त्याच्याच आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. अशाच पद्धतीने चालणाऱ्या इतर कॅमेऱ्यांनाही पुढचे बरेचसे लागू पडेल.

माणूस खळ्यात आला आणि फोनवर सूचना आली नाही, ही तक्रार एक वाटली तरी तिच्या पोटात दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. एक तर कॅमेऱ्याने माणूस ओळखलाच नाही, किंवा ओळखला पण सूचना वाटेत अडकली. हे ठरवायचे असेल तर मेमरी कार्डावर अखंड रेकॉर्डिंग चालू ठेवावे लागते, कारण फक्त घटनांचे रेकॉर्डिंग असेल तर जे हुकले त्याचा पुरावाच उरत नाही. अखंड रेकॉर्डिंगमध्ये माणूस दिसतो, पण ॲपमधल्या घटनांच्या यादीत त्या वेळची नोंद नाही, तर दोष ओळखण्यात आहे. नोंद आहे आणि फोन गप्प राहिला, तर कॅमेऱ्याला हात लावू नये. आमच्याकडे वडिलांच्या फोनमधली बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला झोपवत होती. त्या ॲपपुरती ती बंद केल्यावर तो प्रश्न मिटला. दोन सूचनांमध्ये किती अंतर असावे याचीही एक सेटिंग असते आणि ती मोठी असेल तर पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या माणसाची सूचना येत नाही.

रात्रीच्या खोट्या सूचनांनी मात्र खरा वैताग आणला. अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे, दिवे लावतो. आमच्या कॅमेऱ्यात ते ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे आहेत, म्हणून काळोखात भिंगाभोवती मंद लाल ठिपके दिसतात. भिंगाच्या अगदी जवळून गेलेला किडा या प्रकाशात पांढऱ्या गोळ्यासारखा चमकतो, कोळ्याने कोपऱ्यात विणलेला एक धागा वाऱ्याने हलला तरी अर्धे चित्र हलते, आणि जूनमध्ये कौलांवरून पागोळ्या गळू लागल्या की प्रत्येक थेंब ही हालचाल ठरते. ॲपमधली संवेदनशीलता कमी केल्याने यात काही सुधारले नाही. किडे थोडे घटले आणि माणसेही हुकू लागली. उपाय शेवटी ॲपच्या बाहेर सापडला. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे बंद करून त्याच्यापासून चांगल्या अंतरावर, ओटीच्या दुसऱ्या टोकाला, साधा ९ वॉटचा एलईडी दिवा रात्रभर लावून ठेवला, तेव्हा किडे त्या दिव्याकडे गेले, पागोळ्यांवरची चमक गेली आणि चित्र रात्रीही रंगीत राहू लागले. ज्यांना दिवा ठेवणे शक्य नाही त्यांनी निदान चौकटीच्या कडेला चुन्याचा खांब किंवा पांढरी भिंत येत नाही ना, हे पाहावे. जवळची पांढरी वस्तू इन्फ्रारेड परत फेकते, कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि लांबचे फाटक काळोखात बुडते.

माणसे हुकण्याचे पहिले कारण उंची निघाले. वायरमनने कॅमेरा माडीच्या वळचणीला लावला होता. तिथून खालच्या माणसाचे डोके आणि खांदेच दिसत, तर माणूस ओळखणारी प्रणाली प्रामुख्याने समोरून किंवा तिरकस दिसणाऱ्या उभ्या आकृतींवर शिकवलेली असते. कॅमेरा आठ फुटांवर उतरवल्याबरोबर फरक पडला. दुसरे कारण अंतर. मूळ चित्र कितीही मोठे असले तरी ओळखण्याचे काम बहुधा लहान केलेल्या चित्रावर होते. ते ६४० पिक्सेल रुंद धरले आणि कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दृश्याचा आडवा कोन ९० अंशांचा असला, तर १० मीटरवर २० मीटर रुंदीचे दृश्य मावते, म्हणजे मीटरला ३२ पिक्सेल. साडेपाच फुटांचा माणूस तिथे सुमारे ५४ पिक्सेल उंच दिसतो आणि १५ मीटरवर ३६च उरतात. आमचे फाटक याच टप्प्यात आहे. दुकानदार मेगापिक्सेल सांगतात, हा हिशेब सांगत नाहीत.

पावसाळ्यात एक निराळीच गोष्ट लक्षात आली. छत्री घेतलेला माणूस, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेली किंवा गवताचा भारा घेऊन येणारी बाई, यांना कॅमेरा अनेकदा माणूस मानत नाही, आणि आईची दोरीवर वाळत घातलेली साडी वाऱ्याने फुगली की तिला मात्र मानतो. साडीचा बंदोबस्त सोपा आहे. दोरीचा भाग डिटेक्शनच्या क्षेत्रातून, म्हणजे कॅमेऱ्याने चित्राचा जेवढा भाग तपासायचा त्यातून, वगळला. क्षेत्र आखल्यावर स्वतः चालून पाहणे आवश्यक आहे, कारण काही कॅमेरे माणसाचे पाय क्षेत्रात असल्याशिवाय त्याला मोजत नाहीत, तर काहींना कडेचा स्पर्श पुरतो. छत्रीला असा उपाय नाही. जून ते सप्टेंबर आम्ही माणूस ओळखणे बाजूला ठेवले आणि फाटकाच्या आतल्या छोट्या पट्ट्यापुरती साधी हालचालीची सूचना चालू ठेवली. गडग्यावरून उडी मारणारे मांजर आणि शेजारचा कुत्रा त्यात येतात, पण आलेला माणूस सुटत नाही, आणि मला ही तडजोड मान्य आहे.

सेवा केंद्राचे उत्तर प्रत्येक वेळी ‘संवेदनशीलता वाढवा, नाहीतर रीसेट करा’ एवढेच होते. माणूस ओळखण्यातली संवेदनशीलता म्हणजे किती खात्री झाल्यावर कॅमेऱ्याने ‘माणूस’ म्हणायचे याची रेषा. संवेदनशीलता वाढवून ही रेषा खाली आणली की साडीही माणूस होते, ती कमी करून रेषा वर नेली की छत्रीवाला सुटतो. म्हणून जागा, उंची, उजेड आणि क्षेत्र ठरल्याशिवाय संवेदनशीलतेला हात लावण्यात अर्थ नाही. रीसेटने तर आखलेली क्षेत्रे पुसली जातात. फर्मवेअरच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, एका अपडेटनंतरही ती पुसली गेली होती आणि ते कळले दिवाळीत, आकाशकंदिलाच्या झुलत्या सावलीने सूचनांचा पाऊस पाडला तेव्हा. तेव्हापासून प्रत्येक अपडेटनंतर क्षेत्रे तपासतो.

याच किमतीत पुन्हा घ्यायचा झाला तर मी विजेवर चालणाराच घेईन. बॅटरीचे बरेचसे कॅमेरे शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक टिपून जागे होतात, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जांभ्याच्या भिंतीसमोर तो फरक फारसा उरत नाही. शिवाय कोन ९० ऐवजी ६० अंशांच्या आसपासचा पाहीन, म्हणजे खळ्याची एक बाजू सुटली तरी फाटकातला माणूस मोठा दिसेल.