पाचगणीच्या घरात गॅस हीटरऐवजी लाकडाची बंद शेगडी : वापरानंतरचा अनुभव

पाचगणीतील आमच्या दगडी बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतीतली जुनी शेगडी होती. पण तिचे धुराडे फळी ठोकून बंद केलेले होते आणि तिच्यापुढे धुराड्याची सोय नसलेला गॅस हीटर चालत असे. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. ती सगळी खोलीतच राहत असल्याने आधीच दमट असलेल्या भिंतींना बुरशी धरे. म्हणून पावसाळा संपल्यावर तिथे काचेच्या दाराची, ओतीव लोखंडाची बंद शेगडी बसवली आणि हिवाळाभर वापरली.

खर्च आणि लक्ष शेगडीपेक्षा धुराड्यावर अधिक द्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. जुन्या धुराड्यातच नुसता पाइप सोडून देऊ, असे एका फिटरने सुचवले होते. पण चुन्याच्या सांध्यांतून धूर वरच्या खोलीत झिरपू शकतो आणि रुंद दगडी पोकळीत तो लवकर गार होऊन आतल्या बाजूला डांबरासारखा थर धरतो, जो पुढे पेट घेऊ शकतो. त्यामुळे आतून स्टेनलेस स्टीलची सलग नळी आढ्याच्या वरपर्यंत नेली आणि वर टोपी बसवली. गॅसची नळी एजन्सीच्या मेकॅनिककडूनच काढून तिचे तोंड बंद करून घेतले. शेगडीखाली शहाबादी फरशी आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लावला आहे, कारण या वायूला ना रंग असतो ना वास.

खरी कसोटी जळणाची. ओलावा २० टक्क्यांच्या आत असलेले लाकूड हवे, आणि पाचगणीच्या धुक्यात ते सहजासहजी मिळत नाही. वखारवाला ‘वाळलेली’ म्हणून देतो ती बाभूळ फोडून नव्या पृष्ठभागावर मीटरच्या सुया टोचल्या की आकडा बहुधा बराच वर जातो. ओला ओंडका फसफसतो, टोकाला फेस येतो, आणि तासाभरात काच काळी पडते. वाळलेले दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. आम्ही वाईहून फोडलेली बाभूळ आणून पत्र्याच्या छपराखाली, जमिनीपासून उंच आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी रचून ठेवतो. रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड आत जाऊ देत नाही.

ऊब कोरडी आणि टिकाऊ आहे. बुरशीही पुन्हा धरलेली नाही. कष्ट मात्र वाढले. राखेत निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतात, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर ठेवावी लागते. रात्री विस्तव टिकावा म्हणून हवेची झडप पूर्ण आवळण्याचा मोह होतो, पण त्याने धूर वाढतो. ज्यांचे घर पाहुण्यांना भाड्याने जाते त्यांनी ही शेगडी बसवू नये, आणि खाली सातारा शहरात तर तिची गरजच नाही. आमची नळी आता पावसाळ्याआधी ब्रशने साफ करून घ्यायची आहे.